चार बोटं हवा

उपाध्ये बाईंची गाडी खाली बसली की तिच्या शेजारी बोलत असलेला माणूस तेवढाच वर उचलला जायचा. हे मी मोजून सांगतो. गाडी मागच्या डाव्या चाकावर चार बोटं बसायची आणि माणसाच्या टाचा जमिनीपासून चार बोटं सुटायच्या. कमी नाही, जास्त नाही.

मी बाबालाल शिकलगार. सांगलीत कुपवाडच्या रस्त्याला माझं गॅरेज आहे. हवेवर उभ्या राहणाऱ्या गाड्यांची कामं मी करतो. या गाड्यांना चाकांवर लोखंडी स्प्रिंगांऐवजी रबरी फुगे असतात. कॉम्प्रेसर त्यांत हवा भरतो. चार कोपऱ्यांवरचे चार सेन्सर गाडीची उंची सांगतात आणि त्यावरून गाडीतला कॉम्प्युटर कुठल्या फुग्याला हवा द्यायची, कुठल्याची सोडायची ते ठरवतो. बिघाड कायमचा असेल तर तो कुणालाही सापडतो. जो बिघाड कधी असतो आणि कधी नसतो तो माझ्याकडे येतो. सदतीस वर्षांत ‘कळत नाही’ म्हणून मी एकही गाडी परत पाठवलेली नाही.

उपाध्ये बाई सोमवारी सकाळी दहाला आल्या. वय चौऱ्याहत्तर, उंच, पाठ अशी सरळ की मागून बघणाऱ्याला चाळिशीच्या वाटाव्यात. कालव्यांच्या खात्यात त्या इंजिनिअर होत्या. गाडी वीस वर्षांची, परदेशी, चारी चाकांवर चालणारी, गडद हिरवी. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती जुनीच घेतली होती आणि स्वतःच चालवायच्या.

“बाबालाल, ही तीन ठिकाणी जाऊन आली,” त्या म्हणाल्या. “चारी फुगे नवे घातले. कॉम्प्रेसर नवा घातला. दोन महिने काही होत नाही आणि मग एकदम बसते.”

“कुठं बसली शेवटची?”

“कोल्हापूरला, एका लग्नात. हॉलच्या दारात. मी आत बसलेली आणि गाडी खाली गेली. सगळे वाकून वाकून माझ्याशी बोलत होते. काच खाली केली तर लोकांची पोटंच दिसत होती.”

“तेव्हा तुम्ही काय करत होता?”

“बोलत होते. का?”

मी ते वहीत लिहून घेतलं. अशा बिघाडात तो होताना माणूस काय करत होता हे आधी विचारायचं असतं. बिघाड कुठं आहे ते गाडी सांगत नाही. कधी आहे ते मात्र सांगते.

येत्या रविवारी मासाळ ओढ्यावर कार्यक्रम होता. त्या ओढ्यावर एक जलसेतू आहे. कालव्याचं पाणी ओढ्याच्या वरून पलीकडच्या रानांत नेणारा पूल, तेरा गाळ्यांचा. शेहेचाळीस वर्षांपूर्वी बाईंनी त्याचा आराखडा काढला आणि उन्हात उभं राहून तो बांधून घेतला. पण दगडावर नाव त्यांच्या साहेबांचं लागलं, सबनीस म्हणून. आता तो दगड काढून बाईंच्या नावाचा बसवणार होते.

“मला तिथं माझ्या गाडीतून जायचंय,” बाई म्हणाल्या. “आणि गाडी ताठ पाहिजे. खाली बसलेल्या गाडीतून गुडघे दुमडत मी उतरणार नाही.”

“रविवारी ताठ असेल,” मी म्हणालो.

मंगळवारी मी गाडी खड्ड्यावर घेतली. गॅरेजात गाडीखाली उभं राहून काम करायला जो खड्डा असतो, त्यावर. चारी चाकांच्या कमानींवर खडूनं खुणा केल्या, खाली पट्टी उभी केली. साबणाचं पाणी करून ब्रशनं फुगे, नळ्या, जोड, हवा वाटणारा व्हॉल्व्ह, सगळं भिजवून काढलं. हवा सुटत असेल तिथं बुडबुडे येतात. एकही बुडबुडा आला नाही. गाडी दिवसभर केसभरही हलली नाही. गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या बिघाडाच्या नोंदी वाचणारा स्कॅनर जोडला तर त्यात एकच जुनी नोंद होती, मागची डावी उंची. एवढंच. सेन्सर काढून पाहिला, चांगला होता, परत बसवला.

बुधवारी दुपारी जैतून डबा घेऊन आली. जैतून माझी बायको. दुपारचं आम्ही गॅरेजातच जेवतो, आणि जेवण झालं की ती चार वाजेपर्यंत थांबते. गाडीच्या मागच्या डाव्या चाकाजवळ उभी राहून तिनं विचारलं, “ही अजून इथंच?”

“तीन ठिकाणी जमलं नाही, तेव्हा माझ्याकडे आली,” मी म्हणालो. “शेवटी सगळे माझ्याकडेच येतात.”

गाडीनं सुस्कारा सोडला आणि मागचा डावा कोपरा खाली गेला. जैतून माझ्या पायांकडे बघत होती.

“तुमची चप्पल पडली,” ती म्हणाली.

चप्पल जमिनीवर होती. मी नव्हतो. पाय मोकळे झाल्यासारखे वाटत होते, बाकी काही नाही. मग कॉम्प्रेसर घुं करून चालू झाला, गाडी वर आली आणि मी खाली आलो. बरोबर चपलेत.

मी वहीत वेळ लिहिली, ऊन किती होतं ते लिहिलं आणि बोललेली वाक्यं लिहिली. तीच वाक्यं पुन्हा म्हणून पाहिली. काही झालं नाही. पाच वेळा म्हटली. मग जैतून म्हणाली, “दुसरं काहीतरी बोला.”

“काय बोलू?”

“असंच. स्वतःचं चांगलं काहीतरी.”

मी बोललो. आंबोलीच्या घाटात एकदा रुग्णवाहिका बंद पडली होती, आत बाई अडलेली. मी माझ्या गाडीतून चाललो होतो. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून पाण्याच्या फुटलेल्या नळीला गुंडाळला आणि गाडी घाट उतरली. मुलगी झाली. आता ती शिक्षिका आहे. एवढं सांगितलं आणि गाडी बसली.

अशा रीतीनं बिघाड कधी होतो ते सापडलं. शेजारी उभं राहून माणसानं अभिमानाचं आणि खरं बोललं की गाडी बसायची. एक गोष्ट एकदाच चालायची. पण मागचा डावा कोपरा का, आणि हवा सुटते ती कुणाच्या हुकमावरून, हे सापडायचं बाकी होतं. त्यासाठी बिघाड पुन्हा पुन्हा व्हायला हवा होता, आणि तो होत असताना वीज मोजणारं मीटर सेन्सरच्या तारेवर असायला हवं होतं. म्हणून गुरुवारी सकाळपासून मी माझ्या आयुष्यातल्या अभिमानाच्या गोष्टी एक एक करून गाडीला सांगायला सुरुवात केली.

वडील धार लावायचे. सांगलीतल्या निम्म्या कात्र्या त्यांच्या दगडावरून गेलेल्या. शेवटच्या वर्षी त्यांचे हात थरथरायचे, तेव्हा त्यांची दाढी रोज मी केली आणि एकदाही कापलं नाही. गाडी बसली. कुठली गाडी येतेय ते मी आवाजावरून रस्त्याच्या वळणापासून ओळखतो. गाडी बसली. कुणाच्या गाडीतला चांगला पार्ट काढून मी जुना घातला नाही. गाडी अर्धं बोट बसली, थांबली आणि आपली आपण वर आली. मग मला एक डायनामो आठवला, खूप वर्षांपूर्वीचा. मी ते वाक्य वहीत खोडलं.

मग मी म्हणालो, “पन्नासाव्या वर्षी मी स्कॅनर शिकलो. इंग्रजी येत नव्हतं. एकटा शिकलो.”

गाडी हलली नाही.

मीटर तपासलं, बॅटरी तपासली. पुन्हा मोठ्यानं म्हणालो. गाडी ढिम्म. जैतून डबा धूत होती. धुतलेला डबा तिनं पुन्हा धुतला.

तोवर माझ्या एक लक्षात आलं. कॉम्प्रेसर चालू झाला की माझ्यातून गाडीला पुरेल एवढीच हवा परत जायची. थोडी माझ्यात राहायची. पहिल्या दिवशी कळलं नव्हतं. गुरुवारी दुपारी मी घमेलं उचलायला वाकलो तर बोटं घमेल्याला पोचली नाहीत. टाचा जमिनीच्या वीतभर वर होत्या आणि तशाच राहिल्या. मी खिशांत नट भरले. जैतूननं कमरेला दोरी बांधली आणि दुसरं टोक लोखंडी शेगड्याला, म्हणजे टेबलावरच्या वाइसला, अडकवलं.

“त्रास होतोय?” तिनं विचारलं.

“नाही. वरच्या फळीवरचं सामान हाताशी आलंय.”

चार वाजता उपाध्ये बाई आल्या. मला दोरीला पाहून त्यांनी एकदा दोरीचा अंदाज घेतला, गाठ बघितली आणि म्हणाल्या, “गाठ चांगली आहे.” मी त्यांना सगळं सांगितलं. इंजिनिअर असल्यामुळे त्यांनी मध्ये एकदाही ‘असं कसं’ विचारलं नाही.

“मग माझ्यावर प्रयोग करा,” त्या म्हणाल्या.

“पुलाचं सांगा.”

“मासाळ ओढा जलसेतू. तेरा गाळे. लांबी एकशे अठ्ठेचाळीस मीटर. उतार दोन हजाराला एक.”

गाडी हलली नाही.

“आकड्यांवर नाही बसत ती,” मी म्हणालो. “पूल बांधला कुणी?”

“आम्ही सगळ्यांनी. खात्यानं.”

काही नाही. बाई गाडीकडे बघत राहिल्या. शेवटी जैतून पुढं आली. तिनं हात पदराला पुसले.

“बाई, इथं आम्ही दोघंच आहोत,” ती म्हणाली. “कुणी बांधला?”

बाईंनी पाठ आणखी सरळ केली. मग म्हणाल्या, “मी.”

गाडी बसली. बाई चार बोटं वर गेल्या. साडीच्या निऱ्या जमिनीवरून सुटल्या आणि हलल्या. त्यांनी कुठल्याही गोष्टीला हात टेकला नाही.

“सहा सेकंद,” घड्याळ बघत त्या म्हणाल्या. “आता कॉम्प्रेसर सुरू व्हायला हवा.”

कॉम्प्रेसर सुरू झाला. बाई खाली आल्या, पण पूर्ण नाही. कागद सरकेल एवढी फट राहिली. त्यांना ती कळली होती. जाताना त्या नेहमीपेक्षा हळू चालत होत्या, जिना उतरताना माणूस चालतो तसं.

शुक्रवारी माझ्याजवळचं संपलं. एकसष्ट वर्षांचा माणूस, वाटलं होतं आठवडाभर पुरेल. सकाळी दहापर्यंत मी लहान लहान गोष्टींवर आलो होतो. पतंग. एकदा खरं सांगून शाळेत खाल्लेला मार. गाडी प्रत्येक वेळी बसत होती, पण मी दोरीवरून हात टाकत खाली उतरून, खड्ड्यात शिरून, तारेपर्यंत पोचेतो कॉम्प्रेसर लागायचा. सहा सेकंद पुरत नव्हते. आता मी गुडघाभर वर होतो आणि बोलायला काही उरलं नव्हतं.

“संपलं,” मी म्हणालो.

जैतून चाकाजवळ येऊन उभी राहिली. तिच्या हातात स्कॅनरचं जाड पुस्तक होतं, ज्याची पानं तेलानं काळी झाली आहेत.

“खड्ड्यात जावा तुम्ही,” ती म्हणाली. “मीटर लावून बसा. मी बोलते.”

मी खड्ड्यात उतरलो. उतरलो म्हणजे गाडीच्या पोटाला धरून खाली शिरलो आणि सोडल्यावर अलगद वर येऊन गाडीला चिकटलो. गाडीखालचं काम इतकं सोपं कधीच नव्हतं. पाठीला काही टोचत नव्हतं, मान दुखत नव्हती. मी मीटरची टोकं मागच्या डाव्या सेन्सरच्या तारेला लावली.

“लावलं,” मी म्हणालो.

वरून तिचा आवाज आला. सावकाश, रोजच्यासारखा.

“या गॅरेजातलं प्रत्येक इंग्रजी पुस्तक मी वाचलंय. डिक्शनरी घेऊन, रोज जेवण झाल्यावर चार वाजेपर्यंत, अकरा वर्षं. मी वाचायचे, मग मराठीत सांगायचे, मग हे करायचे. व्हॉल्व्ह कसा चालतो ते ह्यांच्या आधी मला कळलं. पाटीवर ह्यांचं नाव आहे. ते असू दे. पण वाचलं मी.”

गाडी बसली. चार बोटांवर थांबली नाही. आठ बोटं बसली आणि बसूनच राहिली. माझं नाक गाडीच्या लोखंडापासून दोन इंचांवर होतं आणि मला तारेतला आकडा दिसत होता. सेन्सर जागेवर होता, पण कॉम्प्युटरला आकडा चुकीचा पोचत होता. गाडी खाली होती आणि तार सांगत होती, उंच आहे, फार उंच आहे. म्हणून कॉम्प्युटर हवा सोडत होता. आपण फार उंच झालो असं गाडीला वाटायचं आणि ती स्वतःला खाली घ्यायची.

मी तारेवरून बोट फिरवत गेलो. जोडापासून तीन बोटांवर, वरचं रबर चांगलं असलेल्या जागी, आत काहीतरी मऊ लागलं. तिथं तार आतल्या आत तुटली होती. रबरानं दोन्ही टोकं धरून ठेवली होती. कधी टेकायची, कधी नाही.

“सापडलं,” मी म्हणालो.

“मला माहीत होतं,” जैतून वरून म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा उंचावरून येत होता.

मी बाहेर आलो तेव्हा ती आठ बोटं वर होती. पदर खांद्यावरून सरळ खाली लोंबत होता. पुस्तक छातीशी. मी दोरीनं तिच्यापर्यंत गेलो. मी तिच्या हातातलं पुस्तक घेतलं. ते जड होतं. मग कॉम्प्रेसर लागला आणि ती खाली आली. संध्याकाळी पाटीवर मी ब्रशनं तिचं नाव लिहिलं. शिडी लागली नाही.

मी लगेच तार जोडणार होतो. पण उपाध्ये बाईंचा फोन आला.

“आज जोडू नका,” त्या म्हणाल्या. “सबनीस साहेबांनी खात्याला पत्र दिलंय. आराखडा त्यांचाच होता म्हणतात. मी त्यांना उद्या तुमच्याकडे बोलावलंय.”

शनिवारी सकाळी सबनीस आले. शहाऐंशी वर्षांचे, पांढरा सदरा, हातात काठी. मला छताजवळ पाहून त्यांनी नमस्कार केला. मी आता उभ्या माणसाच्या डोक्याएवढा वर होतो आणि पत्र्याचं ऊन पाठीला लागत होतं. तार सापडल्यावर सांगण्यासारखं पुन्हा बरंच आठवलं होतं, ते मी आदल्या संध्याकाळी गाडीला सांगत राहिलो आणि पत्रा जवळ येत गेला. खिडक्या माझ्या पायाखाली गेल्या होत्या. बोलायचं तर सगळ्यांना मान वर करावी लागायची, आणि मला हे आवडत होतं, हे मी लपवत नाही.

“इथं उभं राहायचं आणि बोलायचं?” सबनीसांनी विचारलं.

“हो, साहेब,” मी म्हणालो.

“तो पूल माझा आहे,” ते म्हणाले.

गाडी हलली नाही. सगळे थांबलो.

“तो पूल माझा आहे,” ते मोठ्यानं म्हणाले. त्यांनी काठी आपटली. गाडी ताठ उभी होती. बाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या. त्या बाहेर रस्त्याकडे बघत होत्या. मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल. तो दिसला नाही.

सबनीसांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. मग ते जरा वेगळ्या आवाजात बोलले.

“वरून तीनदा कागद परत आला होता. मुलीचं ड्रॉइंग आहे म्हणून. अठ्ठावीस वर्षांची मुलगी, म्हणे, उद्या पाणी ओढ्यात गेलं तर? मुख्य साहेबांनी मला बोलावून सांगितलं, आडनाव बदला, तुमचं घाला, तर मंजूर करतो. मी म्हटलं, मग सही करा, मी घालतो.” ते थांबले. “तिचं नाव काढलं मी. पण रेघ एकसुद्धा बदलू दिली नाही. एकसुद्धा नाही.”

गाडीनं सुस्कारा सोडला. एक बोट बसली. सबनीस एक बोट वर गेले. एवढ्याशासाठी कॉम्प्रेसर लागला नाही.

बाई वळल्या. “हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.”

“उपाध्ये, पहिला भाग मला सांगता आला नसता,” ते म्हणाले. “मग दुसरा कसा सांगणार?”

बाई त्यांच्याजवळ गेल्या. मग म्हणाल्या, “पत्र मागं घ्या. उद्या अकराला या. पहिल्या रांगेत बसा.”

“बसतो.”

ते निघाले. काठी जमिनीला पुरत नव्हती, म्हणून ती त्यांनी काखेत धरली आणि तिच्याशिवाय चालत गेले.

मग मी तार जोडली. जैतूननं मला पायांना धरून गाडीखाली ढकललं आणि वर येऊ नये म्हणून पोटावर हात दाबून धरला. तुटलेला भाग कापला, नवा तुकडा घातला, डाग दिला, वर रबर चढवलं. काम वीस मिनिटांचं होतं. स्कॅनरवर चारी उंच्या सारख्या आल्या. आम्ही तिघं, मी, जैतून आणि बाई, गाडीभोवती जमून आपापल्या गोष्टी बोललो. मोठ्या, खऱ्या, अजून न बोललेल्या. बाईंनी तर दोन सांगितल्या. गाडी हलली नाही. कॉम्प्रेसरही लागला नाही. लागायचं कारणच राहिलं नव्हतं. त्यामुळे ज्याच्यात जेवढी हवा होती तेवढी राहिली.

“झालं,” मी म्हणालो. “आता ही बसणार नाही.”

रविवारी बाईंनी गाडी चालवली. जैतून पुढं बसली. मागं मी छताला पाठ लावून आडवा होतो, दोरीचं टोक जैतूनच्या मनगटाला. गाडी रस्त्यावर अशी चालली होती की खड्ड्यात गेलेली कळत नव्हती. मला फुग्यांतली हवाच ऐकू येत होती, बाकी काही नाही. चार फुगे, चार कोपरे, सारखे.

मासाळ ओढ्यावर पन्नासेक माणसं होती. कालव्याला पाणी सोडलं होतं आणि ते जलसेतूवरून पलीकडे चाललं होतं, काठाला लागून, गढूळ, भरून. कालव्याचा बांध आणि पूल एका उंचीवर आहेत, त्यामुळे बांधावर उभं राहिलं की पाणी कमरेशी दिसतं. खाली खोल ओढ्यात बाया धुणं धूत होत्या. पहिल्या रांगेत सबनीस बसले होते, खुर्चीच्या एक बोट वर.

बाईंनी गाडी बांधावर आणली आणि उभी केली. गाडी ताठ होती. त्यांनी दार उघडलं आणि गुडघे न दुमडता, सरळ उतरल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जैतूननं मला बाहेर काढलं आणि दोरी हातभर सोडली. मी सगळ्यांच्या वर होतो. सदतीस वर्षांत केलेल्या कामाकडे मी कधी असं वरून पाहिलं नव्हतं. हिरवं छत उन्हात चमकत होतं आणि चारी कोपरे एका पातळीत होते. जैतूननं दोरी आणखी थोडी सोडली, कारण मी ओढत होतो.

कापड बाजूला केलं. दगडावर नाव होतं. वसुंधरा पायगोंडा उपाध्ये. खात्याच्या साहेबांनी बाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं.

बाईंनी माइक घेतला नाही.

“हा पूल मी बांधला,” त्या म्हणाल्या.

मी गाडीकडे पाहिलं. ती केसभरही हलली नाही.

पूल बसायला लागला. आवाज नव्हता. तेरा गाळे, दगडी खांब, दोन्हीकडच्या भिंती, सगळं एका पातळीत, कुठंही न कलता, सावकाश खाली चाललं. चार बोटं गेलं. हातभर गेलं. बाई वर आल्या, माझ्या उंचीला आल्या, हात दोन्ही बाजूंना सरळ. पूल खाली जातच होता, आणि पाणी जात नव्हतं.

ते होतं तिथंच राहिलं. भिंती त्याच्या बाजूंनी उतरून गेल्या, तळ त्याच्याखालून निघून गेला, आणि पाणी बाईंनी आखून दिलेल्या रेघेवर, दोन हजाराला एक अशा उतारानं, हवेतून पलीकडच्या काठाला वाहत राहिलं. थेंब गळाला नाही. त्याच्याखालून पलीकडचं ज्वारीचं रान दिसायला लागलं.

“सबनीस साहेब,” बाई म्हणाल्या, “उतार बघा.”

सबनीस खुर्चीतून उठले होते. खाली ओढ्यातल्या बायांनी धुणं थांबवून वर पाहिलं. पाण्यातून ऊन त्यांच्या अंगावर पडत होतं, हलत होतं. कालव्याकडून एक मासा आला, ओढ्याच्या मधोमध, त्यांच्या डोक्यांवर थांबला, आणि खाली बघू लागला.